वजूचे पाणी आणि आपले सोवळे



नखांना नेलपॉलिश असेल तर वजू होतो का? इन्सुलिनचे इंजेक्शन घेतले तर रोजा तुटतो का? औषधाच्या कॅप्सूलमधले जिलेटिन चालते का? दुपारच्या नमाजाची वेळ मीटिंगमध्ये गेली तर काय करायचे? असे प्रश्न आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना रोज पडतात, आणि ते त्यांच्या इमामांना विचारतात. आपल्या पॉटलकमध्ये हा विषय निघाला की हशा पिकतो. "मास्टर्स केलं, ग्रीन कार्ड आलं, तरी डोकं अजून हातपाय धुण्यातच!" हे बोलणारे स्वतःला पुरोगामी म्हणवतात. या हसण्यात पुरोगामी असे काही नाही, हे आज मला मांडायचे आहे.

हर्नडनला राहून तर हे हसणे अधिकच अडाणीपणाचे ठरते. 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक थॉट' ही संस्था आपल्याच गावात आहे. मार्च २००२ मध्ये फेडरल एजंटांनी तिच्यावर धाड घातली, तेवढे आपल्याला आठवते. संस्थेवर खटला झाला नाही, हे आठवत नाही. तिथे काम केलेले ताहा जाबिर अल-अलवानी (१९३५-२०१६) हे इराकी विद्वान 'फिक्ह कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका'चे अध्यक्षही होते. अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या मुसलमानांसाठी धर्मशास्त्राचा वेगळा विचार करायला हवा, अशी मांडणी त्यांनी केली. प्रश्न आला की जुन्या ग्रंथातले उत्तर उचलून देऊ नये, हा प्रश्न कुठल्या परिस्थितीतून आला ते आधी पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच कौन्सिलने २००६ साली महिन्याची सुरुवात खगोलगणिताने ठरवायला मान्यता दिली. अनेक मशिदींनी ती मानली, काहींनी डोळ्यांनी चंद्र पाहण्याचा हट्ट सोडला नाही. म्हणून एकाच गावात कधी कधी दोन दिवस ईद होते.

यावर हसण्याआधी टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांतला फरक आठवा. आणि आपला गणपती? तो चतुर्थीला न बसता शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी बसतो. त्याला आपण 'सोय' म्हणतो. त्यांनी गणित स्वीकारले तर ते 'अजून चंद्रात अडकलेले', आणि आपण तिथी सरकवली तर ती व्यवहारबुद्धी!

आता पाण्याकडे येऊ. वजू म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे आणि घोट्यापर्यंत पाय धुणे. पूर्वी मी काम करत होते त्या एका कंपनीत कोणीतरी बेसिनमध्ये पाय धुतले म्हणून तक्रार झाली. ती करण्यात आपला एक मराठी माणूस पुढे होता. खरे तर धर्मशास्त्रातच यावर तोड आहे. वजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवरून ओला हात फिरवला तरी चालतो. प्रवासात नसलेल्याला ही सवलत एक दिवस-रात्र मिळते. साध्या सुती मोज्यांना ती लागू आहे का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. म्हणजे 'क्षुल्लक' वाटणाऱ्या त्या प्रश्नामागे बेसिनपाशी अवघडून उभा राहिलेला एक नोकरदार माणूस असतो. गावाहून आलेल्या आजीने सोवळ्यात स्वयंपाक करताना नातवाला दूर सारले, तर तिला मात्र आपण कौतुकाने सांभाळून घेतो.

पाळीचेही तसेच. इस्लामी शास्त्रात पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ आहे. रोजेही धरायचे नसतात, ते नंतर भरून काढायचे. पण तिने स्वयंपाक करू नये, ताट वेगळे घ्यावे, कोपऱ्यात बसावे, असे तिथे नाही. 'कावळा शिवला' म्हणून चार दिवस बाजूला बसवण्याची रीत आपली. व्हर्जिनियातल्या मराठी घरांत आजही सत्यनारायणाची तारीख सुनेच्या तारखा पाहून ठरते. इथे हसणारे कुठे जातात?

"म्हणजे मुसलमानांवर टीकाच करायची नाही का?" हा प्रश्न येणारच. जरूर करायची, पण कशावर ते ठरवून. माझी कसोटी साधी आहे: नियमाचा भार कोण उचलतो? माणूस स्वतःपुरता पाळत असेल, तर त्याचे पाय, त्याचे ताट, त्याची प्रार्थना. तोच नियम दुसऱ्यावर, विशेषतः बाईवर लादला जात असेल, तर गप्प बसणे हा गुन्हा आहे. डोक्यावरचे फडके स्वखुशीने बांधणारी शेजारीण आणि त्याच फडक्यावरून पोलिसांनी पकडल्यानंतर २०२२ साली मरण पावलेली इराणची महसा अमिनी, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने टीकेच्या भानगडीत पडू नये.

आणि ही टीका मुसलमान बायकांनी आपल्याआधी केली आहे. रिचमंडला शिकवणाऱ्या अमिना वदूद यांनी १८ मार्च २००५ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र नमाजाचे नेतृत्व केले. मशिदींनी जागा नाकारली, म्हणून तो एका ख्रिस्ती कॅथीड्रलच्या आवारात झाला. तो घडवून आणण्यात पुढे होत्या मुंबईत जन्मलेल्या असरा नोमानी. मुंबईत हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यात बायकांना बंदी झाली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण कोर्टात गेल्या आणि २६ ऑगस्ट २०१६ला जिंकल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनि-शिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला होता. दोन्हीकडचे रखवालदार भाऊ-भाऊ शोभतील.

आपल्याकडे तर हमीद दलवाई होऊन गेले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत काढला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. बाईचे आयुष्य कायद्याने सुरक्षित व्हावे, हा त्यांचा मुद्दा होता. स्वतःच्या पार्थिवावर धर्मविधी नकोत, असे त्यांनी सांगून ठेवले आणि १९७७ साली तसेच झाले. दलवाईंचे नाव घेऊन शेजाऱ्याच्या वजूची टिंगल करणाऱ्यांनी त्यांचे धाडस आधी आपल्या घरात करून दाखवावे.

तेव्हा मंडळी, एवढे करा. पुढच्या वेळी असा विनोद फॉरवर्ड झाला तर तिथल्या तिथे हरकत घ्या. ऑफिसात पाय धुण्यावरून तक्रार झाली तर सहकाऱ्याशी बोला, पाय धुण्यासाठी एक वेगळा नळ मागा. तो काही फार महाग पडत नाही. आणि घरच्या पुढच्या पूजेची तारीख सुनेला न विचारता ठरवा. तिला यायचे की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या.