कुंपण जिवंत असावे

माझ्या मातृभाषेत, कोंकणीत, कुंपणाला ‘वंय’ म्हणतात. लहानपणी आमच्या व शेजारच्या घरामध्ये अशी एक वंय होती. तिच्यावरून कढीलिंबाची डहाळी जाई, विरजण येई आणि दोन्ही घरच्या आया दुपारी चार शब्द बोलत. पुढे तेथे चिऱ्यांची उंच भिंत आली. भांडण कोणाचेच झाले नव्हते. तरीही बोलणे कमी झाले. तेव्हापासून मला वाटत आले आहे की, घराची हद्द दगडाने नव्हे, झाडाने आखावी.

युरोपात हे काम ‘बॉक्सवूड’ नावाचे झुडूप शतकानुशतके करीत आले आहे. बारीक, चकचकीत, बारमाही हिरवी पाने, संथ वाढ आणि कात्रीला न कंटाळणारा स्वभाव! व्हर्सायच्या राजोद्यानातील नक्षीदार वाफ्यांच्या कडा त्याच्याच. तशी चित्रे पाहून आपल्यालाही त्याचा मोह पडतो. परंतु ते थंड हवेचे झाड. मुळांशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. आपल्या आषाढात त्याने तग कसा धरावा? शिवाय पूर्व आशियातून आलेला एक पतंग २००७ च्या सुमारास जर्मनीत आढळला आणि त्याच्या अळ्यांनी पुढे युरोपातील कितीतरी जुनी कुंपणे खाऊन टाकली.

मग दूर जावेच कशाला? इंग्रज ज्या झुडपाला ‘चायना बॉक्स’ म्हणत, ती कुंती आपल्याही रानात वाढते. ती कढीलिंबाची जवळची नातलग. पिकलेल्या तांबड्या फळांचे ताजे बी गर धुऊन पेरावे. रोपे वीतभर झाली की मृगाच्या पावसात, शेणखत घातलेल्या चरात, दीड दीड फुटावर लावावी. शेंडे खुडीत गेल्यास ती बुडापासून दाट होते. छाटताना खालची बाजू किंचित रुंद ठेवावी, म्हणजे तळच्या पानांनाही ऊन मिळते. मात्र सदा कात्री चालविणाऱ्याला तिची शुभ्र, सुगंधी फुले दिसणार नाहीत. बहर ओसरल्यावरच छाटावे. शिस्त हवी, पण फुलण्यास अवसर ठेवून. हे आम्हां शिक्षकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कुंतीत दोष नाही असे नव्हे. लिंबावर रोग पसरविणारी ‘सायला’ नावाची कीड तिच्यावरही पोसते. म्हणून परसात लिंबू असेल तेथे जास्वंदीची वंय बरी. कोणी म्हणेल, झुडपाने गुरे व चोर अडतील काय? पहिली काही वर्षे नाहीच. तोवर मागे बांबूचा आधार द्यावा. चोराविषयी म्हणाल, तर भिंतीआड काय चालले आहे हे शेजाऱ्यासही दिसत नाही, हे विसरू नये.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण म्हणतो. कुंपणेच उरली नाहीत, तर त्या बापड्याने धावावे कोठे? बुलबुलाने फळे कोठे टिपावी? विद्यार्थी मित्रहो, येत्या मृगात आपल्या हद्दीवर निदान चार रोपे लावा, आणि लावताना शेजारच्या मुलालाही हाक मारा. दोन्ही घरांनी मिळून पाणी घातलेली वंय घराचे रक्षण करीलच. शिवाय घरे जोडूनही ठेवील.