'मिलिटरी ग्रेड'चा शिक्का

सौंसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की मोबाइलच्या दुकानांपुढे गर्दी होते. कुणाच्या काचेला तडा गेलेला असतो, कुणाची बॅटरी फुगलेली असते, कुणाचा चार्जर पिनेपाशी तुटलेला असतो. दुकानाच्या दोरीवर जाड काळी कव्हरे टांगलेली असतात. त्यांच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेले असते, 'मिलिटरी ग्रेड'. शेजारच्या साध्या कव्हरपेक्षा ती कितीतरी महाग, आणि तरीही खपतात. कारण गिऱ्हाइकाला सांगितले जाते, आणि त्याला ते पटते, की जे सैन्याला चालते ते कधी मोडत नाही.

या समजाला अलीकडे एक विद्वान वकील मिळाले आहेत. गृहस्थ वाचलेले आहेत, बोलायला बसले की तोफांचे व्यास आणि विमानांचे वेग तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाच्या घरातली एकूण एक उपयोगी वस्तू युद्धाने दिली. इंटरनेट सैन्याचे, जीपीएस सैन्याचे, मायक्रोवेव्ह रडारमधून आला, डबाबंद अन्न नेपोलियनच्या फौजेमुळे, जीप रणांगणातून. तेव्हा युद्ध हीच शोधांची आई. सैन्यासाठी बनलेली वस्तू बाजारातल्या वस्तूपेक्षा सरस असणारच. आणि ज्या देशाला घरोघरी चांगली यंत्रे हवीत, त्याने शोधांचा पैसा आधी शस्त्रांत घालावा, मग उरलेले आपोआप घरात झिरपते.

एवढ्या ठाम आवाजात सांगितलेली गोष्ट खरी असावी असे ऐकणाऱ्याला वाटते. ती खरी नाही.

सुरुवात त्या कव्हरपासूनच करू, कारण कामगाराच्या खिशातून पैसा तिथेच जातो. वेष्टनावर अनेकदा एक आकडा असतो, मिल-एसटीडी-८१०. हा अमेरिकी संरक्षण खात्याचा दस्तऐवज १९६२ साली पहिल्यांदा निघाला आणि तेव्हापासून त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या आल्या. उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, कंप, आघात अशा परिस्थितीत उपकरण कसे तपासावे याच्या पद्धती त्यात आहेत. पद्धती आहेत, प्रमाणपत्र नाही. कुठल्या वस्तूला कुठली चाचणी लावायची आणि ती किती कडक ठेवायची हे वस्तू जिथे वापरायची तिथल्या गरजेप्रमाणे ठरवावे, असे तो दस्तऐवज स्वतःच सांगतो. म्हणजे डझनावारी चाचण्यांपैकी एकच निवडून, ती आपल्याच कारखान्यात करून, 'आमचा माल मिल-एसटीडी-८१०ला उतरला' असे कुणीही छापू शकतो. कव्हर तपासून त्यावर शिक्का मारणारे सैन्याचे कोणतेही कार्यालय जगात नाही.

पडण्याची चाचणीच पाहा. या दस्तऐवजाची २००८ सालची 'जी' आवृत्ती सांगते की हाताने नेण्याजोगी वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडावी. सव्वीसच का? चौकोनी पेटीला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ कोपरे असतात. त्यांची बेरीज २६, प्रत्येकावर एकदा. इथपर्यंत सारे कडक वाटते. पण ही पडझड ज्यावर होते तो पृष्ठभाग म्हणजे काँक्रीटवर अंथरलेली दोन इंच जाडीची प्लायवुड फळी. आणि ही २६ पतने एकाच नमुन्यावर करण्याची सक्ती नाही. ती पाच नमुन्यांत वाटून घेता येतात. म्हणजे एक फोन पाच-सहा वेळा लाकडावर पडून शाबूत राहिला, उरलेले चारही तसेच राहिले, की चाचणी पार. बोरगावच्या कामगाराचा फोन पडतो तो कारखान्याच्या सिमेंटच्या फरशीवर, नाहीतर मोटरसायकलवरून डांबरी रस्त्यावर. त्याच्याकडे पाच फोन नसतात, एकच असतो. त्या एकाच फोनमध्ये गावाकडच्या आईचा आवाज आणि पगाराचा संदेश येतो. त्याला लाकडाची फळी दाखवून सैन्याचे नाव विकणे ही फसवणूक आहे, दुसरा सौम्य शब्द तिला लागू पडत नाही.

भारतीय सैन्यदलांचीही लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या तपासणीची स्वतःची विनिर्देशिका आहे, जेएसएस ५५५५५. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना टेकणारा आपला उन्हाळा आणि आपली धूळ ठाऊक असलेल्या माणसांनी ती वापरायची असते. देशभक्तीच्या नावाने कव्हर विकणाऱ्या कुठल्याही वेष्टनावर हा आकडा दिसत नाही.

आणि 'मिलिटरी ग्रेड' म्हणजे उत्तम, हे समीकरण तरी कुणी मांडले? अमेरिकी सैन्याने चॉकलेटच्या ब्राउनी आणि ओटच्या बिस्किटांसाठीसुद्धा विनिर्देशिका काढली होती, मिल-सी-४४०७२ या क्रमांकाची, वीसहून अधिक पानांची. त्या बिस्किटाला जगातले सर्वांत चविष्ट बिस्किट कुणी म्हटलेले नाही. विनिर्देशिकेचे काम वेगळे असते. दहा कारखान्यांत बनलेला माल एकसारखा यावा, ठरावीक काळ टिकावा, आणि पुरवठादाराला पळवाट मिळू नये, एवढेच ती पाहते. ती किमान पातळी बांधून देते. त्या किमान पातळीला विक्रेत्यांनी शिखर बनवले. याहून मोठी गोष्ट अशी की खुद्द अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी जून १९९४ मध्ये आदेश काढला की लष्करी विनिर्देशिकांऐवजी शक्य तिथे बाजारातली साधी मानके आणि कामगिरीच्या अटी वापराव्यात. कारण इलेक्ट्रॉनिक्सचा नागरी बाजार लष्करी पुरवठादारांच्या पुढे निघून गेला होता, आणि लष्करासाठी खास बनवलेला माल महाग पडत होता. ज्यांच्या नावाने हा शिक्का चालतो, त्यांनीच तीस वर्षांपूर्वी बाजाराकडे तोंड वळवले. वकीलसाहेबांच्या वाचनात हे पान आलेले दिसत नाही.

राहिला 'युद्ध ही आई' हा सिद्धांत. काटेरी तार इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ साली पेटंट केली, ती गुरे अडवायला. तिचे काटे वळवायला त्याने स्वयंपाकघरातली कॉफी दळायची गिरणी वापरली होती. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांपुढे ती आली चार दशकांनी. नायलॉनचे पायमोजे १९४० साली दुकानांत आले, पॅराशूट त्यानंतर. ट्रान्झिस्टर १९४७ साली टेलिफोनच्या प्रयोगशाळेत जन्मला. पुन्हा चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली ती हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या गरजेतून. कुकरचा आजोबा डेनिस पापँने १६७९ मध्ये हाडे शिजवायला बनवला.

रणगाड्याची गोष्ट मात्र सौंसरच्या कास्तकाराने नीट ऐकावी. कॅलिफोर्नियात चिखलाच्या जमिनीत ट्रॅक्टरची चाके रुतत, म्हणून बेंजामिन होल्टने १९०४ साली चाकांऐवजी फिरता पट्टा लावून पाहिला. पहिल्या महायुद्धात त्याचे ट्रॅक्टर तोफा ओढू लागले. १९१६ साली सोमच्या रणांगणावर पहिले ब्रिटिश रणगाडे उतरले, त्यांचा पहिला नमुना घडवला होता लिंकन गावच्या विल्यम फॉस्टर कंपनीने. या कंपनीचा मूळ धंदा मळणीयंत्रांचा. शेतासाठी पट्टा निघाला, मळणीयंत्र करणाऱ्या हातांनी रणगाडा जोडला, आणि आज सांगितले जाते की युद्धाने शेतीला यंत्र दिले!

उलट्या दिशेचा आजचा पुरावा नागपूरजवळच आहे. बाजारगावच्या कारखान्याने बनवलेल्या 'नागास्त्र-१'ची पहिली १२० नगांची तुकडी जून २०२४ मध्ये सैन्याकडे गेली. लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे हे छोटे अस्त्र विजेच्या मोटरीवर उडते. जगभरची छोटी ड्रोन ज्या बॅटऱ्या, इवलेसे तोलमापक आणि कॅमेऱ्याच्या चिपा वापरतात, त्या स्वस्त झाल्या कोट्यवधी माणसांनी मोबाइल विकत घेतले म्हणून. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी दुकानातून आणलेली छंदाची ड्रोन वापरली. तिथे तंत्र घराकडून रणांगणाकडे झिरपले.

आपल्या मुलखात याचे सर्वांत जुने उदाहरण गोफण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दगडफेकीची गोटमार होते, आणि प्रशासन गोफणीवर बंदी घालते, कारण गोफणीच्या दगडाने माणसे जायबंदी होतात. तीच गोफण माळ्यावर उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात ज्वारीची पाखरे उडवते. बंदी गोफणीच्या एका वापरावर आहे. वस्तूचा जन्म आणि वस्तूचा वापर यांत गल्लत करणाऱ्याने एकदा तरी हुरड्याच्या दिवसांत शेतावर यावे.

इथे एक जुना वाद आठवतो. पूर्वीही असेच ठामपणे सांगितले जायचे की अमेरिकेने अवकाशात चालणाऱ्या पेनावर कोट्यवधी डॉलर उधळले आणि रशियनांनी पेन्सिलीवर भागवले. किस्सा फार लोकप्रिय. प्रत्यक्षात ते पेन एका खासगी पेनवाल्याने स्वतःच्या पैशाने बनवले आणि १९६५ साली पेटंट घेतले. पुढे अमेरिकी अवकाश संस्थेने ते किरकोळ दराने घेतले आणि १९६९ मध्ये रशियनांनीही घेतले. कारण पेन्सिलीची तुटकी टोके आणि शिशाची भुकटी यानात तरंगते. वेल्क्रोसुद्धा अवकाशाची देणगी नव्हे. एका स्विस माणसाच्या कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या गोखरूसारख्या काटेरी बोंडांतून ती सुचली. तेव्हाही मोठ्या संस्थेचे नाव लावले की गोष्ट खरी वाटत होती, आजही तेच.

जे खरे ते मान्य करायला हरकत नाही. मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन रडारमधून आला, जीप युद्धातून आली, इंटरनेटच्या आधीचे अर्पानेट लष्करी पैशाने १९६९ मध्ये उभे राहिले. पण मायक्रोवेव्हची पहिली भट्टी १९४७ साली माणसाच्या उंचीची होती. ती ओट्यावर मावेल अशी व्हायला १९६७ उजाडले, आणि ते काम घरगुती उपकरणे करणाऱ्यांनी केले. वर्ल्ड वाइड वेब निघाले स्वित्झर्लंडमधल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. जीपीएसचा नागरी संकेत तर अमेरिकी सैन्याने मुद्दाम बिघडवून ठेवला होता. मे २००० मध्ये तो बिघाड बंद केला तेव्हा सामान्यांना मिळणारी चूक शंभरेक मीटरवरून वीसेक मीटरच्या आसपास उतरली. सैन्याने मूठ सैल केली तेव्हा ते तंत्र ट्रक-ड्रायव्हरच्या कामाला आले.

आणि सैन्याची वस्तू सरसच असते म्हणणाऱ्यांसाठी जोंगा या लष्करी गाडीबद्दल एकच वाक्य पुरे: जबलपूरच्या त्या गाडीचे जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन कुठल्या कास्तकाराला परवडले असते?

सौंसरच्या जमिनीने या वादाचा निकाल कधीच लावून ठेवला आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातल्या मँगनीज धारण करणाऱ्या प्राचीन खडकांना भूशास्त्रात 'सौंसर गट' म्हणतात. त्यातल्या एका खडकाचे 'गोंडाइट' हे नाव इथल्या गोंडांवरून पडले. मँगनीजचे पोलाद रॉबर्ट हॅडफिल्डने शेफिल्डमध्ये १८८२ साली शोधले. दगड फोडायच्या यंत्रांचे जबडे आणि रेल्वेची क्रॉसिंग त्याने टिकाऊ केली. १९१५ मध्ये त्याच पोलादाचे ब्रिटिश शिपायाचे शिरस्त्राण झाले. पण मँगनीजचा आणखी एक उपयोग जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्येच करून ठेवला होता, मँगनीज डायऑक्साइडचा विजेचा घट. टॉर्चचा साधा सेल त्याचाच वंशज. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड आजही सेलच्या कारखान्यांना जाते. शिरस्त्राणाच्या आधी दिवा होता.

मग चांगली वस्तू कोणती? ज्या वस्तूचा बिघाड बोरगावात किंवा सौंसरात दुरुस्त होतो, जिचा सुटा भाग चार दिवसांत मिळतो, जिची बॅटरी गोंद वितळवल्याशिवाय निघते, ती. विहिरीवरची मोटर जळाली तर तालुक्यात ती रिवाइंड होते, म्हणून संत्र्याची बाग वाचते. त्याच बागेतली ठिबकची नळी इस्रायलच्या हत्झेरिम किबुत्झने, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामूहिक वसाहतीने, १९६०च्या दशकापासून जगाला विकली. त्या देशाची शस्त्रे दूरदर्शनवर दिसतात, आपल्या शेतात मात्र त्याची नळी पोहोचली, कारण तिला छिद्र पडले तर कास्तकार स्वतः जोडतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी हा त्यामागचा हेतू. शोधांचा पैसा आणि सरकारचा जोर या दिशेला लागला पाहिजे.

सैन्यात गेलेल्या इथल्या मुलांचा मान यात कुठे कमी होत नाही. कव्हरवर त्यांचे नाव विकणारा मात्र तो कमी करतो. तेव्हा पुढच्या खेपेला दुकानात तो शिक्का दिसला, तर वाचकांनी दोन प्रश्न विचारावेत: कोणती चाचणी, कोणत्या पृष्ठभागावर, किती नमुन्यांवर? आणि आतला फोन पडून बिघडलाच, तर त्याची काच आणि बॅटरी इथे कितीला बदलून मिळेल? उत्तर मिळाले नाही तर कव्हर परत दोरीला टांगावे आणि साधे घ्यावे.