दुखतंय तर ‘दुखतंय’ म्हणा!

मागच्या पावसाळ्यात नेसरीतल्या माझ्या दवाखान्यात एक मुलगी आली. फिजिओथेरपीच्या पदवीचं, म्हणजे बीपीटीचं, शेवटचं वर्ष. भातलावणीला जाणाऱ्या बायकांच्या गुडघेदुखीवर तिचा संशोधन प्रकल्प होता. कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी, मराठीतलं माहितीपत्रक, संमतीपत्र, सगळं नीट होतं. अडलं ते भलतीकडेच.

चार आठवडे व्यायाम केल्यावर तिनं एका आजींना विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आता किती?" आजी म्हणाल्या, "दोन म्हण की. लई बरं वाटतंय." मुलगी बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, दुखतंय तेवढंच. पर पोर एवढी लांबनं येती, तिला नाराज कशाला करायचं?"

आजींची माया कळते. पण त्या ‘दोन’मुळे न लागू पडलेला व्यायाम कागदावर गुणकारी ठरतो. उद्या हीच मुलगी फिजिओथेरपिस्ट होऊन तोच व्यायाम शंभर जणींना देईल.

आजींच्या परवानगीनं मी तिला हे सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "सर, फरक पडला नाही असं लिहिलं तर प्रकल्प नापास होईल?" माझं मत स्पष्ट आहे: फरक पडला नाही, हेही उत्तरच आहे. व्यायाम कुणाला लागू पडत नाही हे कळणं तितकंच उपयोगाचं. नापास व्हायला हवा तो घरी बसून आकडे भरलेला प्रकल्प.

मी तिला दोन गोष्टी सुचवल्या. पुढच्या बायकांना व्यायाम तू शिकव, पण दुखणं मैत्रिणीला विचारू दे. शिकवणाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं. दुसरं, लावण संपली की वाकणं कमी होतं आणि दुखणं आपोआपही उतरतं. म्हणून तुलनेला दुसरा गट हवाच, नाहीतर श्रेय व्यायामाचं की विश्रांतीचं, कसं कळणार? दोन्ही बदल करण्याआधी मार्गदर्शकांना आणि समितीला मात्र विचार.

आणखी एक. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं आणि परत येऊन बसायचं, अशी एक प्रचलित चाचणी आहे. चांगली आहे. पण आपल्या बायकांचं अर्धं आयुष्य जमिनीवर बसून जातं. जमिनीवरून उठताना काय होतं, हेही विद्यार्थ्यांनी विचारावं.

तुमच्याकडे असा विद्यार्थी आला तर एवढं लक्षात ठेवा:

• माहितीपत्रक वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. त्याची प्रत मागा.
• न समजता सही किंवा अंगठा देऊ नका.
• नकार देता येतो, मध्येच थांबताही येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत.
• व्यायामानं दुखणं वाढलं तर लगेच सांगा.
• व्यायाम रोज केला नसेल तर तसंही सांगा. कुणी रागावणार नाही.

विद्यार्थ्याला चहा जरूर द्या, पण आकडा खराच द्या. तुमच्या खऱ्या ‘सात’चा उपयोग उद्या तुमच्याच सुनेच्या गुडघ्याला होईल.