सहा दातांचा हत्ती आणि श्यामची आई : जुनी गोष्ट पुन्हा कोणाच्या हाती द्यावी?

फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाड्या थांबतात. तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. बसमधून उतरणारे बहुतेक जण पहिल्या लेण्यातील पद्मपाणीकडे धाव घेतात. परंतु बालवाङ्मयातील एखादी अभिजात कृती पडद्यावर नव्याने आणायची असेल, तर तिचा दिग्दर्शक कसा निवडावा, असा प्रश्न ज्याला पडला असेल, त्याने दहाव्या आणि सतराव्या लेण्यात जावे. त्या दोन लेण्यांत एकच गोष्ट दोनदा रंगवलेली आहे.

गोष्ट छद्दन्त जातकाची. सहा सुळे असलेला एक गजराज. पूर्वजन्मीचा मत्सर मनात धरलेली राणी त्याचे सुळे आणण्यासाठी व्याध पाठवते. व्याधाच्या अंगावर काषाय वस्त्र पाहून जखमी हत्ती त्याला अभय देतो आणि सुळे कापण्याच्या कामी स्वतःच त्याला साहाय्य करतो. सुळे समोर येताच राणीचे हृदय विदीर्ण होते. जातके ही या भूमीवरील सर्वांत जुन्या बालकथांपैकी आहेत. जत्रेत, विहारात, आजीच्या मांडीवर त्या सांगितल्या गेल्या. दहाव्या लेण्यातील चित्र इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागेचे, तर सतराव्यातील पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक हरिषेणाच्या काळातले. दोहोंत किमान चार-पाच शतकांचे अंतर आहे.

नंतरच्या चित्रकाराने आधीचे चित्र पाहिलेच नसेल, हे संभवत नाही. पाचव्या शतकातील कलावंत दहाव्या लेण्यातही काम करीत होते. तेथील खांबांवरच्या बुद्धप्रतिमा त्याच काळातल्या आहेत. तरीही सतराव्या लेण्यात त्याने जुन्या चित्राची नक्कल केली नाही. दहाव्यात उजव्या भिंतीवर लांबच लांब पट्टा आहे. त्यात अरण्य आहे, हत्तींचा कळप आहे, आणि गोष्ट चालत्या माणसाच्या गतीने उलगडते. सतराव्यात भिंत अनेक जातकांनी गजबजलेली. जागा कमी, म्हणून मांडणी आटोपशीर. काळ बदलला होता, भिंत बदलली होती, पाहणाराही बदलला होता. गोष्टीचे मर्म मात्र दोन्हीकडे तेच राहिले. पुनर्निर्मिती म्हणजे काय, याचे एवढे स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल.

(दहाव्या लेण्यातील एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपले नाव कोरून ठेवले आहे, तेही जुन्या रंगावर. जुन्या कृतीशी स्वतःचे नाव जोडले जावे एवढ्याच हेतूने पुढे येणारे दिग्दर्शक पाहिले की त्या खांबाची आठवण होते.)

पुढे एकोणिसाव्या शतकात याच चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम निघाले आणि कोणाला निवडावे हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली. १८४४ पासून त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे अजिंठ्यात घालवली. त्याची निष्ठा निर्विवाद होती. पण माध्यम होते कॅनव्हासवरचे तैलरंग. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्याची बहुतेक चित्रे १८६६ च्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी शेकडो प्रतिकृती केल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथाचे मोल आजही मोठे आहे. भिंतीवरून नाहीसे झालेले कितीतरी तपशील तेथेच उरले आहेत. मात्र त्याच काळात रेषा उठून दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशचे थर दिले गेले. ते थर पुढे पिवळे पडले. विसाव्या शतकात निजामाच्या राज्याने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, आणि व्हार्निश काढण्याचे कष्टाचे काम त्यांना करावे लागले.

व्हार्निशची ही गोष्ट नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चित्रपटाच्या पुनर्निर्मितीने मूळ कृतीला काही इजा होत नाही, पुस्तक कपाटात आहे तसेच राहते, असे सांगितले जाते. ते खरे नाही. ज्या मुलाने पुस्तक वाचण्यापूर्वी चित्रपट पाहिला, त्याला पुस्तक त्या थरातूनच दिसते. थर चढवताना कोणाला विचारावे लागत नाही. काढताना पिढी जाते.

१९०९ ते १९११ या दरम्यानच्या हिवाळ्यांत फर्दापूरजवळ तंबू ठोकून काम करणाऱ्या क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांची निवड वेगळी होती. त्या स्वतः टेम्पेरा रंगतंत्राच्या जाणकार. चेन्निनो चेन्नीनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या तंत्रग्रंथाचा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला होता. तैलरंगांचा जाडपणा त्यांनी टाळला. सोबतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा आले, हैदराबादेतून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन. कलकत्त्याच्या तरुणांनी अजिंठ्यास जावे यासाठी भगिनी निवेदितांनी आग्रह धरला होता. नंदलाल तेव्हा सत्ताविशीत होते. ते येथून नुसत्या प्रती घेऊन गेले नाहीत. अजिंठ्याची रेषा त्यांच्या हातात उतरली आणि पुढे शांतिनिकेतनात, हरिपुरा काँग्रेसच्या फलकांत, संविधानाच्या मूळ प्रतीच्या सजावटीत ती नव्या रूपाने प्रकटली. गिलकडे निष्ठा होती. ग्रिफिथ्सकडे निष्ठेसोबत संस्था आणि शिस्त होती. हेरिंगहॅम यांनी ज्यांना निवडले, त्यांना ही चित्रे पाहून स्वतःचे काहीतरी करायचे होते. फरक तेथे पडला.

फर्दापूरहून उत्तरेला उतरले की जळगाव जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात साने गुरुजी मुलांना शिकवीत, त्यांच्यासाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा तिच्यामागे मुलांना गोष्टी सांगण्याचा हा दीर्घ सराव होता. योगायोग असा, की आंधळ्या आईवडिलांची सेवा करणारा जातककथेतला मुलगाही श्यामच. त्याचीही गोष्ट अजिंठ्याच्या भिंतीवर आहे. मराठीत एकाच बालकथेवर दोन पिढ्यांनी दोन चित्रपट केल्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘श्यामची आई’चेच.

१९५३ चा चित्रपट आचार्य अत्रे यांचा. आज समाजमाध्यमांवर मतदान घेतले असते, तर अत्र्यांची निवड पहिल्याच दिवशी फेटाळली गेली असती. ‘झेंडूची फुले’मध्ये कवींची टर उडवणारा विडंबनकार, ‘साष्टांग नमस्कार’चा नाटककार, ज्याच्या लेखणीतून उतरलेल्या १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’तील पोहण्याच्या पोशाखाने महाराष्ट्रात खळबळ उडाली, असा हा लेखक. आईच्या वात्सल्याची पवित्र गोष्ट अशा माणसाच्या हाती? आईच्या भूमिकेसाठी निवड झाली वनमालांची. त्या ‘सिकंदर’सारख्या भव्य हिंदी चित्रपटाच्या नायिका. कागदावर सगळेच चुकलेले दिसते.

पण अत्रे पेशाने शिक्षक होते, हे अशा वेळी विसरले जाते. पुण्यात त्यांनी मुख्याध्यापकी केली, शिक्षणशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले, मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. मूल कोठे हसते, कोठे कंटाळते, हे त्यांना वर्गात उभे राहून कळले होते. विनोदकाराला रडू नेमके कोठे थांबवावे हेही कळते. त्यांच्या श्यामला, म्हणजे माधव वझे यांना, पुतळा होऊ न देता त्यांनी खोडकर मुलगा राहू दिले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले.

जगात इतरत्रही असेच घडले आहे. प्रौढांसाठीचा ‘इ तू मामा तांबियेन’ केल्यानंतर अल्फोन्सो क्वारोन यांच्याकडे हॅरी पॉटरचा तिसरा भाग आला आणि त्या मालिकेचा सूरच बदलला. योग्य माणूस पुष्कळदा अयोग्य दिसतो.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हाच विषय पुन्हा घेतला. त्यांचे नाव आले तेव्हा पाहण्यासारखी गोष्ट होती ती त्यांचा ‘शाळा’. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरच्या त्या चित्रपटात आणीबाणीच्या काळातील कुमारवय होते, आणि राजकारण मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसत होते. ‘श्यामची आई’ला नेमकी तीच दृष्टी हवी होती. कारण हे पुस्तक केवळ अश्रूंचे नाही. पालगडच्या एका खोत घराण्याचा ऱ्हास हा त्याचा कणा आहे. त्यात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाकडून होणारा अपमान आहे, मोळीखाली वाकलेल्या वृद्ध महार स्त्रीला मदत करण्यास मुलाला पाठवणारी आई आहे, आणि पोहायला न जाणाऱ्या मुलावर शिंपटी उगारणारीही तीच आई आहे. हे सारे गाळून नुसते वात्सल्य ठेवणारा दिग्दर्शक पुस्तकावर व्हार्निशच चढवील. डहाके यांच्या चित्रपटात प्रौढ साने गुरुजी (ओम भूतकर) स्वतः पडद्यावर येतात. गोष्ट सांगणारा कोण होता आणि कोणत्या काळात तो ती सांगत होता, हे त्यामुळे मुलांपुढे उभे राहते. सत्तर वर्षांपूर्वीच्या चित्रपटाशी सामना करण्याऐवजी त्यांनी पुस्तकाकडे दुसऱ्या दाराने प्रवेश केला. सतराव्या लेण्यातील चित्रकाराने जे केले, त्याच जातीचे हे काम.

एक गोष्ट मात्र खटकते. चित्रपट कृष्णधवल आहे. काळाचा आभास आणि छायाचित्रणातील संयम, दोन्ही साधले आहेत; परंतु कृष्णधवल ही प्रौढांची स्मृती आहे. अकरा वर्षांच्या मुलासाठी कोकण हिरवेच असते, आणि श्यामलाही ते हिरवेच दिसले होते. तेवढ्यापुरता जुन्या चित्रपटाचा धाक दिग्दर्शकाच्या मनावर राहिला असावा. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा चित्रपट सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तो मान योग्यच, आणि आक्षेपही कायम.

निर्माते सहसा दोनच प्रकारची माणसे शोधतात : ज्याच्या नावावर तिकिटे खपतील असा, किंवा जो मूळ कृतीपुढे हात जोडून उभा राहील असा. दुसरा प्रकार प्रेक्षकांनाही आवडतो, कारण त्यात बालपण सुरक्षित राहील असे वाटते. वास्तविक विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. या माणसाने मुलांसोबत किंवा मुलांविषयी काय काम केले आहे? मूळ कृतीतील कोणता कठीण भाग तो टाळणार नाही? आणि त्यातील काय गाळण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे? तिसऱ्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे उत्तर देणाऱ्याला अभिलेखागारात उत्तम काम मिळू शकेल.

छद्दन्ताची गोष्ट मराठी पडद्यासाठी अजून मोकळी आहे. सुळे कापणाऱ्याला स्वतःच मदत करणारा हत्ती आणि आपली इच्छा पूर्ण होताच कोसळणारी राणी, हे दोघे दहा वर्षांच्या मुलापुढे उभे करू शकेल असा दिग्दर्शक हवा. दहाव्या लेण्यातील ते चित्र दरवर्षी थोडे अधिक पुसट होत आहे.