लॅम्प्रे: पूर्वजाचे चित्र बदलणारी पिल्ले

लॅम्प्रे हा वाम माशासारखा लांबट, पण जबडा नसलेला मासा. त्याची अळी काही वर्षे नदीतळाच्या गाळात दडून राहते आणि पाण्यातले अन्नकण गाळून खाते. तिला नीट दिसतही नाही. कणा असलेल्या सर्व प्राण्यांचा आद्य पूर्वज असाच असावा, असे दीर्घकाळ मानले गेले.

जीवाश्म काय सांगतात?

दक्षिण आफ्रिकेतील ‘प्रिस्कोमायझॉन’ सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पिल्लांवरील संशोधन २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत लहान पिल्लू जेमतेम दीड सेंटिमीटरचे, पोटाशी बलकाची पिशवी असलेले. तरीही मोठे डोळे आणि दात असलेले गोल तोंड तयार होते. अळीची अवस्था तिथे नव्हतीच.

मग अळी आली कुठून?

प्रिस्कोमायझॉन खाडीतला. चीनमधील सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा ‘मेसोमायझॉन’ मात्र गोड्या पाण्यातला आणि त्याच्या अळ्यांचे जीवाश्म सापडले आहेत. त्यामुळे नद्यांमध्ये तग धरण्यासाठी ही अवस्था नंतर विकसित झाली असावी, असे संशोधकांचे मत आहे.

‘जिवंत जीवाश्म’ हा शिक्का म्हणूनच जपून मारावा. शरीर जुन्या वळणाचे असले, तरी जीवनक्रम नवा असू शकतो. पूर्वज म्हणून अळी दाखवणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी याची दखल घ्यायला हवी.