प्लग-इन तुमचं की भाड्याचं?

एफएल स्टुडिओ किंवा एबलटनवर रात्रभर बसून तुम्ही एक ट्रॅक केलात आणि सेव्ह केलात. नेमकं काय सेव्ह झालं? अनेकांना वाटतं, आवाज. माइकवर गायलेलं राहतं खरं, पण सिंथवर वाजवलेल्या पॅडचा आवाज त्या प्रोजेक्टमध्ये सहसा नसतोच. असतात ते फक्त सूर आणि प्लग-इनची सेटिंग्ज. प्ले दाबलं की प्लग-इन तो आवाज दरवेळी नव्याने तयार करतं. प्लग-इन गायब, तर पॅडही गायब!

म्हणून ते प्लग-इन नक्की कुणाचं, हा प्रश्न नुसता पैशांचा नाही.

वेव्हज ही या धंद्यातली जुनी इस्रायली कंपनी. मार्च २०२३ मध्ये तिने जाहीर केलं, की यापुढे प्लग-इन कायमची विकत मिळणार नाहीत, फक्त सबस्क्रिप्शन. आधी पैसे मोजलेल्यांची प्लग-इन चालू राहणार होती, पण त्यांचा अपडेट प्लॅन बंद. म्हणजे उद्या लॅपटॉपची सिस्टिम बदलली, की ती चालतील याची खात्री नाही. संगीतकार, साउंड इंजिनीअर इतके भडकले, की काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. सबस्क्रिप्शन मात्र राहिलं. एखाद्या कामापुरतं महिनाभर घ्यायला ते स्वस्तही पडतं, हे मान्य. पण पाच वर्षांनी तोच ट्रॅक उघडायचा असेल तर?

बरं, विकत घेतलेलंही अमर नसतं. स्टाइनबर्गने १९९६ मध्ये व्हीएसटी आणलं आणि एका कंपनीचं प्लग-इन दुसरीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायला लागलं. पण व्हीएसटी २ चे परवाने नव्या डेव्हलपरना देणं तिने २०१८ मध्ये थांबवलं. कितीतरी जुनी, फुकट, झकास प्लग-इन त्याच आवृत्तीत अडकून पडलीत. २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही यांनी क्लॅप हा खुला पर्याय आणला, आणि २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी ३ खुल्या परवान्यावर दिलं. स्पर्धा नसती तर हे झालं असतं, असं मला तरी वाटत नाही.

तुमच्या हातात काय? सर्ज एक्सटीसारखं ओपन सोर्स सिंथ फुकट आहे आणि कुणी एक कंपनी ते बंद करू शकत नाही. क्रॅक उतरवून व्हायरस ओढवून घेण्यापेक्षा ते बरं. आणि ट्रॅक पूर्ण झाला, की प्रत्येक वाद्य वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, एकदा इफेक्टसह, एकदा इफेक्टशिवाय. हार्ड डिस्कवर जागा जाईल थोडी. जाऊ द्या.