गाडीची चमक, दोन बादल्यांत

ईदला गावी जायचे ठरले की घरोघरी गाडी धुण्याची घाई होते. परभणीकडच्या पेडगावसारख्या गावात गाडीच्या रंगाचे वैरी दोन, काळ्या मातीची धूळ आणि बोअरचे क्षाराचे पाणी. म्हणून आम्ही सांगतो तो क्रम पाळा.

गाडी सावलीत लावा, पत्रा थंड होऊ द्या. आधी नुसते पाणी ओतून माती वाहू द्या. कोरड्या फडक्याने पुसू नका. रंगावरचा पारदर्शक थर केसाहून पातळ असतो आणि मातीचे कण त्यावर ओरखडे पाडतात. एका बादलीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. टपापासून खाली या, चाके शेवटी वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर वापरू नका, तिने मेण निघून जाते. पाणी लगेच मऊ मायक्रोफायबरने टिपा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात. पक्ष्याची विष्ठा खरवडू नका, ओले फडके पाच मिनिटे ठेवून उचला.

पॉलिश रंगावरचा थर किंचित घासते, म्हणून ते क्वचितच. मेणाचा पातळ हात मात्र दोन-तीन महिन्यांनी द्यावा.

नळी मात्र लावू नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण मराठवाड्यातले लोक विसरू शकत नाही. उन्हाळ्यात टाकी आटली तर फक्त काचा ओल्या फडक्याने पुसा. बाकी गाडी धुळीची राहिली तरी चालेल, घरातल्या पिण्याच्या पाण्याला हात लावू नये.